पट्टीवरचं बटण

सालोमीला जाऊन वर्ष होत आलं, तरी सकाळी फाटकाशी कुणी "बाईऽ" अशी हाक मारली की मी पिशवी घेऊन निम्मा जिना उतरते. मग कळतं की कचरा नेणारी मुलगी आली आहे. मग मला राग येतो. माझा स्वभावच तसा, मला रडू येण्याआधी राग येतो. जन्मभर शाळेत शिकवलं, मुलं मला उगाच नाही घाबरायची.

वसईत, माणिकपूरला आमच्या इमारतीच्या मागेच सालोमी आणि फ्रान्सिसची वाडी. आमची इमारतसुद्धा त्यांच्या चुलत्यांच्या वाडीवरच उभी आहे, म्हणजे माझं स्वयंपाकघर जिथे आहे तिथे कधीकाळी केळी होत्या. त्याबद्दल सालोमीच्या मनात किंतु नव्हता. उलट नवीन कुणी राहायला आलं की ती सांगायची, "तुमच्या न्हानीघराखाली आमचा फनस होता, बरं." आणि स्वतःच खदखदा हसायची. उरलेल्या तुकड्यात ती माठ, अळू, दुधी, पडवळ काढायची आणि कुंपणाला मोगरा. सकाळी टोपली घेऊन आमच्या फाटकाशी बसायची, मग उरलेलं घेऊन बाजारात.

तिच्याकडून भाजी घेणं म्हणजे परीक्षा देणं होतं. "दुधी काल न्हेलात ना? आज माठ घ्या. भाऊंच्या अंगात रगत कमी हाय." भाऊ म्हणजे माझे यजमान, आत्माराम. त्यांचं रक्त कमी आहे हे आमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते नंतर. आपण दुधीच मागितला तर ती टोपलीवर फडकं टाकून म्हणायची, "दुधी संपला." दुधी समोर दिसत असायचा.

गल्लीत कुणी आजारी पडलं की सालोमी तिथे हजर. जात-धर्म काही नाही, गुजराथ्याच्या घरात बाळंतीण असो की आमच्याकडे भाऊंची हृदयाची शस्त्रक्रिया. पेजेचा डबा, कैरीचं लोणचं, आणि आपल्या घरच्यासारखं दटावणं. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसाजवळ त्या आजारी माणसाच्या नावाची मेणबत्ती. भाऊ अतिदक्षता विभागात होते तेव्हा मी घरी येताना बघितलं, क्रुसाच्या पायरीशी ही उभी. मी म्हटलं, "सालोमी, आमचे भाऊ देव मानत नाहीत." ती म्हणाली, "देव तर त्यांना मानतो ना? मंग झालं."

आणि तिला कधी विचारलं, तुझी तब्येत कशी आहे गं, तर उत्तर ठरलेलं. "मना काय धाड भरलीय!" या एका वाक्यानं आपल्याकडच्या किती बायका खाल्ल्या असतील कोण जाणे. नवऱ्याला शिंक आली तर काढा, मुलाला कणकण आली तर डॉक्टर, आणि हिला काय धाड भरली आहे! सालोमीची मुलगी स्टेफी घरीच जन्मली, तीही दाई येण्याआधी. त्यानंतर कुठल्या डॉक्टरनं सालोमीच्या छातीला नळी लावली असेल असं मला वाटत नाही. तशी वेळ तिनं येऊच दिली नाही, आणि आम्हीही कुणी आणली नाही.

फ्रान्सिस आमच्या शाळेची बस चालवायचा. पांढरा सदरा, चापून बसवलेला भांग, स्वभावानं तापट आणि मनानं लोणी. छोटी मुलं त्याच्यावर जीव टाकायची. एखादं मूल रडत चढलं की तो बस सुरूच करायचा नाही. "आधी हसा, मंग गाडी," म्हणायचा. शाळेला उशीर झाला की मुख्याध्यापिका माझ्याकडे तक्रार करायच्या, कारण त्याला शाळेत मीच चिकटवला होता. पण बस म्हणजे त्या माणसाचा प्राण. वाडी सालोमीची, बस फ्रान्सिसची, असा त्यांच्या संसाराचा सरळ हिशेब होता.

सालोमी गेली त्याच्याच आधीच्या हिवाळ्यात शाळेनं सगळ्या बसचालकांची हृदयतपासणी ठेवली. विरारच्या एका इस्पितळातून डॉक्टर संपदा म्हणून तरुण बाई आल्या होत्या. मी निवृत्त असले तरी अशा कार्यक्रमाला मला बोलावतात, पुष्पगुच्छ द्यायला. त्यामुळे मी तिथेच होते. साधाच ईसीजी, छातीला वायरी लावून काढतात तो, फक्त त्याचा आलेख संगणकात जात होता आणि तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता तो वाचत होती. डॉक्टरबाईंनी सोपं करून सांगितलं. "ठोक्यांचे काही दोष लपून बसतात. तपासायला जावं तेव्हा आलेख अगदी सरळ येतो. पण या यंत्रानं लाखो माणसांचे आलेख बघितलेत. ज्यांचे ठोके पुढे बिघडले त्यांच्या आधीच्या सरळ आलेखातही काहीतरी बारीकसं वेगळं होतं. ते माझ्या डोळ्याला दिसत नाही, याला दिसतं." आणि मग म्हणाल्या, "मात्र हे शक्यता सांगतं. निकाल नाही." हे शेवटचं वाक्य सभागृहात कुणीही ऐकलं नाही. तोवर बटाटेवडे आले होते.

यंत्रानं एकट्या फ्रान्सिसच्या नावापुढे लाल खूण केली. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरू नका काका, एक छोटी पट्टी आठवडाभर छातीला चिकटवून ठेवायची, ती ठोके नोंदवत राहते, मग खरं काय ते कळेल. तोवर बस नको. मुलांचा प्रश्न आहे.

झालं. फ्रान्सिसला शाळेच्या फाटकावर उभं केलं. त्याची बस दुसरा माणूस चालवायला लागला. मुलं खिडकीतून "फ्रान्सिस अंकल!" म्हणून हात करायची आणि हा हात वर करायचा, चेहरा असा की पाहवत नसे. तेव्हा सालोमी मला म्हणाली होती, "बाई, ह्यो मानूस जेवत नाय. भिंतीकडं तोंड करून बसतो."

पुढचं मला फ्रान्सिसनं सांगितलं, फार उशिरा, माझ्या बैठकीत चहाचा कप थंड करत.

पट्टी इस्पितळातच लावणार होते, पण त्याच्या छातीवर केसांचं रान. नर्स म्हणाली, घरी नीट साफ करून लावा, आणि कशी लावायची ते दाखवून पाकीट हातात दिलं. ते पाकीट घेऊन तो घरी आला आणि स्वयंपाकघरात बसून राहिला. त्याच्या डोक्यानं एकच घेतलं होतं की या यंत्रानं आपल्यावर डूख धरला आहे. एकदा लाल खूण केलीच आहे, आता आठवडाभर छातीवर बसून ते काहीतरी शोधून काढणारच. समोर सालोमी मासे साफ करत होती. उभ्या आयुष्यात एकदाही न आजारलेली बाई. त्याला वाटलं, हिच्यापेक्षा धडधाकट हृदय वसईत कुठे मिळणार?

"हे खोटं हाय," सालोमी म्हणाली.

"फादरकडे जाऊन मीच सांगन मागाहून. आठ दिसांची तर गोष्ट. तू लाव."

तिनं लावली. नवरा जेवत नाही म्हणून लावली. त्याच्यासाठी तिनं याहून मोठी कामंही केली असती. चोळीच्या आत पट्टी बसून गेली, वरून कुणाला कळायचं कारण नव्हतं. पट्टीच्या मधोमध एक बारीक बटण होतं. धडधडलं, चक्कर आली, काही वेगळं वाटलं तर ते दाबायचं, असं नर्सनं फ्रान्सिसला सांगितलं होतं.

"दाबलं की काय होतं?" सालोमीनं विचारलं.

"डॉक्टरला समजतं. तू हात नको लावू त्याला. उगाच चुकून दाबशील आन माझी बस जाईल."

त्याच आठवड्यात एक दिवस ती माझ्या फाटकाशी बसली होती. मी खाली उतरले तर टोपली तशीच झाकलेली आणि ही पायरीवर भिंतीला टेकलेली. एक हात चोळीच्या गळ्याशी. मला वाटलं गळ्यातल्या साखळीचा क्रूस सरळ करते आहे. विचारलं, "काय गं, बरं नाही का?" तर लगेच ताठ झाली. "चप्पल चावतीय, बाई. नवी हाय. तुमी माठ घ्या." मी माठ घेतला, आणि वर जाऊन निवडत बसले.

आठवड्यानं पट्टी परत गेली आणि दोन-तीन दिवसांत इस्पितळातून फोन आला. फ्रान्सिस काका, आजच्या आज या, एकट्यानं येऊ नका, गाडी चालवू नका.

फ्रान्सिस आधी घाबरला. मग त्याच्या लक्षात आलं की पट्टी तर सालोमीच्या अंगावर होती, आणि तो हसत सुटला. इतके दिवस न हसलेला माणूस पोट धरून हसला. त्याला वाटलं, यंत्राची चोरी आपण पकडली! त्याला आधीच माझं नाव माहीत, नाव बघून निकाल दिला, पट्टीत काय आहे ते बघितलंच नाही. शेजारच्या सॅन्टनला बोलावून त्यानं ही गंमत सांगितली, मग दोघं मिळून हसले. आता वाचणाऱ्याला वाटेल, काय अडाणी माणूस! पण मी इतकी वर्षं शाळेत काढली आहेत. पेपरावरचं नाव बघून गुण देणारे किती मास्तर मी पाहिले ते मलाच ठाऊक. यंत्र तसं करत नाही हे फ्रान्सिसला कुणी सांगितलं होतं?

सालोमीही हसली म्हणे. पण हसता हसता मध्येच थांबून तिनं विचारलं, "पन पट्टी तर माझ्या छातीवर होती ना?"

"म्हनून तर बोलतो मी! यंत्र येडं हाय!"

"हां," सालोमी म्हणाली, आणि भाताकडे बघायला गेली.

डॉक्टरांना खरं सांगितलं असतं, तर नोकरी गेली असती. शाळेला फसवलं म्हणून फ्रान्सिसला त्याच दिवशी काढला असता. त्यामुळे तो गप्प राहिला आणि इस्पितळात दाखल झाला. तिथे त्याला दोन दिवस ठेवलं. छातीला वायरी, डोक्याशी टीव्हीसारखा पडदा, त्यावर ठोक्यांची हिरवी रेघ. आणि खाटेशेजारी स्टुलावर कोण? सालोमी. सकाळची वाडी उरकून, टोपली बाजारात टाकून, पेजेचा डबा घेऊन रिक्षानं विरारला जायची आणि त्या निरोगी माणसाचे पाय चेपायची. आमच्याकडे म्हण आहे, आजार म्हशीला आणि औषध पखालीला. मी ती आयुष्यभर मुलांना वाक्यात उपयोग करून दाखवायला सांगितली. आता ती माझ्या तोंडून निघत नाही.

पडद्यावरची रेघ दोन दिवस सरळ चालली. डॉक्टर संपदा चक्रावल्या. दुसऱ्या दिवशी खाटेशी येऊन त्यांनी विचारलं, "काका, पट्टीवरच्या नोंदी आणि आजच्या नोंदी अजिबात जुळत नाहीत. आमचं यंत्र तर म्हणतं, ही दोन वेगवेगळी माणसं आहेत. पट्टी तुम्हीच लावली होती ना?"

सालोमी स्टुलावर होती. डॉक्टरबाईंपासून हातभर अंतरावर. फ्रान्सिस म्हणतो, तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

"मीच लावलेली," तो म्हणाला.

"मीच चिकटवून दिली त्यांना," सालोमी म्हणाली. न विचारता. त्याची नोकरी वाचवायला तिनं आपल्या पदरचं खोटं त्यात घातलं.

"मग बटण दाबत होतात तेव्हा काय वाटत होतं? चक्कर यायची?"

"बटन? मी नाय दाबलं कवा. तुमचं यंत्र काय पन लिवतं, मॅडम."

डॉक्टरबाईंनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. सालोमीनं मान खाली घातली होती. फ्रान्सिसला तेव्हा वाटलं, खोटं बोलावं लागलं म्हणून ती लाजली.

आणखी एक पट्टी दिली, ती या वेळी नर्सनं तिथेच लावली. तीही स्वच्छ निघाली. पहिल्या पट्टीत काही गोंधळ झाला असावा असं कागदावर लिहून फ्रान्सिसला बस परत मिळाली. मुलांनी त्याला गुलाबाची फुलं दिली. सालोमीनं क्रुसाजवळ मोठी मेणबत्ती लावली, तिच्या हाताएवढी, फ्रान्सिसचं हृदय चांगलं निघालं म्हणून. मला पायसाचा वाडगा आणून दिला. मी म्हटलं, "आता तू पण एकदा तपासून घे की. शाळेच्या ओळखीनं होईल." तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "मना काय धाड भरलीय, बाई!" पण त्या दिवशी ती हसली नाही, हे मला आज आठवतं.

ती ईस्टरच्या आधीच गेली. सकाळी वाडीत अळवाला पाणी सोडायला गेली होती. विहिरीचा पंप चालू राहिला, पाणी वाफ्यातून उतरून पायवाटेवर आलं, तिथून आमच्या इमारतीच्या फाटकापर्यंत. आमचा रखवालदार ओरडत गेला की पाणी वाया चाललंय. स्टेफी धावत गेली तर आई अळवाच्या वाफ्यात उजव्या कुशीवर, झोपल्यासारखी. टोपली भरून तयार होती. वरच्या बाजूला माठाची जुडी वेगळी बांधलेली होती, माझी. स्टेफीनं ती मला दुसऱ्या दिवशी आणून दिली. मी ती शिजवली नाही, टाकलीही नाही. फ्रिजमध्ये काळी पडेपर्यंत ठेवली.

सणाला नेसायचं लाल लुगडं नेसवून तिला पेटीत ठेवलं होतं. गल्लीतली सगळी माणसं होती, जिच्या बाळंतपणात ती धावली होती ती गुजराथ्याची सूनसुद्धा. प्रत्येकजण तेच म्हणत होता, कधी एक दिवस आजारी नव्हती हो. फ्रान्सिस पेटीशी उभा होता. रडत नव्हता. मला वाटलं, धक्का बसलाय. तो धक्का नव्हता. त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं होतं की यंत्र वेडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बसच्या चाव्या शाळेत नेऊन दिल्या. कारण सांगितलं नाही. मग महिनोन्महिने तो वाडीत बसून असायचा. मोगरा वाळला, कुंपण पडलं. आणि पावसाळा सरता सरता एक दिवस माझ्या दारात उभा. स्टेफी आदल्या दिवशी सहज बोलून गेली होती, "डॅडी, ऑफिसचा जिना चढताना हल्ली जाम धडधडतं यार." तेवढ्यानं त्याच्या पायाखालची जमीन सरकली. फादरपाशी पापनिवेदन झालं होतं, फादरनी क्षमाही दिली होती आणि डॉक्टरांना सांग असंही बजावलं होतं. पण एकट्याचे पाय उचलत नव्हते.

त्यानं सगळं सांगितलं. पट्टी, चोळी, खाट, स्टूल. मी ऐकलं आणि मग मी त्याला काय काय बोलले ते लिहिणार नाही. इमारतीतल्या लोकांनी दारं उघडून बघितलं. "तुझ्या बसपायी!" मी ओरडत होते. "एक वाक्य बोलायचं होतं तुला, एक! डॉक्टर समोर उभी होती!" तो खाली मान घालून ऐकत होता. "बोला बाई," म्हणाला, "आनखी बोला. काल रात्री स्टेफीला सगळं सांगितलं, तवापासून ती तर बोलत पन नाय माझ्याशी." तेव्हा मी चपला घातल्या आणि त्याच्याबरोबर निघाले.

डॉक्टर संपदांनी ऐकून घेतलं. त्या त्याच्यावर ओरडतील अशी माझी अपेक्षा होती, इच्छासुद्धा. त्या ओरडल्या नाहीत. "त्या स्टुलावर बसल्या होत्या," म्हणाल्या. "मी त्यांना जरा सरका म्हटलं होतं. मला मॉनिटर नीट दिसत नव्हता." मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. एवढी शिकलेली, शहाणी मुलगी, तिला त्या दिवशी काय समजावून सांगावं ते मला कळेना.

त्यांनी जुनी नोंद संगणकावर काढली. ठोके चालता चालता एकदम उधळलेले, आणि मग मध्येच सपाट रेघ, क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा सुरू. यावर उपचार होता, त्या म्हणाल्या. छातीत लहानसं यंत्र बसवतात. माणूस वाडीत काम करू शकतो, सगळं करू शकतो. कधी कधी हा दोष रक्तातून पुढे येतो, म्हणून स्टेफीला लगेच आणा.

"आणि माझं?" फ्रान्सिसनं विचारलं. "माझ्या नावापुढं लाल खून होती ती?"

"तुमच्यात अजून काही सापडलेलं नाही, काका. शक्यता होती फक्त. कदाचित यंत्र चुकलं असेल."

म्हणजे त्याच्या बाबतीत चुकलेल्या यंत्रामुळे तिचं खरं दुखणं सापडलं, आणि ते सापडूनही आम्ही हसण्यावारी नेलं. देवाघरची थट्टा म्हणतात ती ही असावी. मला ती आवडली नाही.

फ्रान्सिस पडद्याकडे बोट करून म्हणाला, "पन मॅडम, बटनाचं तरी यंत्रानं खोटंच लिवलं ना? मी तिला सांगितलेलं, हात नको लावू."

डॉक्टरबाईंनी आलेख पुढे सरकवला. जिथे जिथे ठोके उधळले होते तिथे वर एक छोटी निळी खूण होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. "बटण आपोआप दाबलं जात नाही, काका. हे त्यांनीच दाबलं आहे. प्रत्येक वेळी अगदी बरोबर जागी." एका खुणेखाली वेळ होती ती सकाळची, भाजीची. मला माझ्या फाटकाची पायरी दिसली, आणि चोळीच्या गळ्याशी गेलेला हात. चप्पल नव्हती चावत.

"दाबलं की तुमच्याकडं वाजतं काय काय?" फ्रान्सिसचा आवाज अगदी लहान झाला होता.

"नाही. फक्त खूण उमटते. आम्ही नंतर बघतो."

"मी तिला सांगितलेलं, डॉक्टरला समजतं."

जन्मात कुणाला आपलं दुखणं न सांगितलेली बाई, नवऱ्यानं नको म्हटलं असतानाही तिनं ते सांगितलं होतं. डॉक्टरला समजतं म्हणून सांगितलं होतं. आणि मग तीच डॉक्टर खाटेशी आली, बटणाबद्दल बोलली, आणि फ्रान्सिसकडे बघून बोलली. सालोमीनं मान खाली घातली ती लाजेनं नव्हे. ती डॉक्टरच्या उत्तराची वाट बघत बसली होती आणि ते उत्तर तिच्या डोक्यावरून निघून गेलं. घरी येऊन तिनं मेणबत्ती लावली, ती त्याच्या नावाची. मी हे लिहिते आहे आणि मला अजून राग येतो आहे, आणि आता तो फ्रान्सिसवर नाही, कुणावर आहे ते मला सांगता येत नाही. माझ्या माठाच्या जुडीवर असेल.

त्याच आठवड्यात स्टेफीला नेलं. मीही गेले. नर्सनं पट्टी लावली. बापलेकीत तोवर बोलणं नव्हतंच. ती बाकावर एका टोकाला आणि हा दुसऱ्या टोकाला. नर्स बटणाचं सांगून गेली. स्टेफीनं सदऱ्यावरून पट्टी चाचपली.

"दाबलं की काय होतं?" तिनं विचारलं. कुणाला असं नाही, सहज.

हाच प्रश्न फ्रान्सिसला एकदा स्वयंपाकघरात विचारला गेला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे बघितलं. मग तो उठला, बाकाच्या त्या टोकाला गेला आणि लेकीच्या शेजारी बसला.

"तू दाब," तो म्हणाला. "काय पन वाटलं तरी दाब. आन मना हाक मार. मी हितंच बसतो."